नोटिशीतली दुसरी ओळ

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

मी चौतीस वर्षांची. माहेर सांगलीचं, लग्नानंतर पुणे आणि आता आठ महिने शारजात, अल नहदाला. नवऱ्याची नोकरी जबल अलीला. मी पुण्याच्याच कंपनीचं काम घरून करते. बाळंतपणानंतर पाठ धरली होती, म्हणून पुण्यात दोन वर्षं नेमाने जिमला गेले आणि इथेही ते सुरू ठेवलं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर छोटी जिम आहे. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी चार ते सहा फक्त बायकांसाठी, बाकी वेळ सर्वांसाठी. मला सकाळी सातलाच जमतं, तेव्हा पुरुषही असतात. मी पूर्ण लांबीची लेगिंग्ज आणि टी-शर्ट घालते. तिथे एक हिजाबवाली बाई येते, बहुतेक इजिप्तची असावी, पायात नारिंगी बूट. मी व्यायामाला सुरुवात केली की ती उठून दुसऱ्या टोकाला जाते. असं दोनदा झालं. वजनं उचलणारे दोन तरुण आरशातून माझ्याकडे बघत राहतात. मागच्या आठवड्यात ती बाई नातूरशी (बिल्डिंगच्या राखणदाराशी) बोलताना दिसली आणि दुसऱ्याच दिवशी दारावर नोटीस लागली : व्यायामाला साजेसे सभ्य कपडे घालावेत, आणि खाली फोटो-व्हिडिओ काढू नयेत वगैरे नेहमीचं. ती माझ्यासाठीच आहे हे उघड आहे. शेजारच्या मराठी काकू म्हणाल्या, ‘त्या लोकांना असलं चालत नाही, तू पंजाबी ड्रेस घालून जात जा.’ नवरा म्हणतो, उगाच व्हिसावर बेतेल, जिम सोड, घरीच योगासनं कर. पुण्यातली बहीण म्हणते, कपडे तुझे, शरीर तुझं, घाबरतेस कुणाला? मला व्यायाम सोडायचा नाही आणि कुणाच्या श्रद्धेचा अपमानही करायचा नाही. पुण्याचे माझे ट्रेनर दर आठवड्याला माझे व्हिडिओ बघून चुका सांगतात, त्यामुळे पाठ खूप सुधारली होती. मी काय करू?

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही ते कपड्यांविषयीचंच वाटलं. तिसऱ्यांदा मात्र दोन जागी अडखळले. एक, नोटिशीतल्या दुसऱ्या ओळीला तुम्ही ‘वगैरे नेहमीचं’ म्हणून बाजूला सारलंय. आणि दोन, पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता सांगितलंय की ट्रेनरना दर आठवड्याला व्हिडिओ जातो.

तो व्हिडिओ तुम्ही काढता कुठे? फोन कुठे उभा करता? मी शारजात काही वर्षं राहिले आहे. बिल्डिंगच्या गच्चीवरच्या जिम साधारण कशा असतात हे डोळ्यांसमोर आहे. एक लांबट खोली, एका भिंतीला सलग आरसा, तीन-चार ट्रेडमिल, कोपऱ्यात डंबेल्सचा स्टँड. अशा खोलीत फोन कुठेही टेकवला तरी आरशामुळे अर्धी खोली त्यात येते. तुम्ही स्क्वॉट्स सुरू करण्याआधी फोन लावत असाल, तर ‘मी व्यायामाला सुरुवात केली की ती उठून जाते’ या वाक्याचा अर्थ ‘मी फोन लावला की ती उठून जाते’ असाही होऊ शकतो. ती तुमच्यापासून दूर गेली नसेल, चौकटीबाहेर गेली असेल.

माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण एकदा तिच्या जागी उभं राहून बघा. जी बाई घराबाहेर डोक्यावरचं वस्त्र बाजूला करत नाही, तिने घामाघूम झालेला, धापा टाकणारा आपला चेहरा आणि देह कुणा अनोळखी माणसाच्या फोनमध्ये जाऊ द्यायचा? तुमचे ट्रेनर सज्जन आहेत हे तुम्हाला माहीत आहे, तिला नाही. तिथे हा नुसता संकोचाचाही विषय नाही. अमिरातीत दुसऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ त्याच्या संमतीशिवाय काढणं हा गुन्हा आहे. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात त्यासाठी किमान सहा महिने कैद किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमच्या नवऱ्याला व्हिसाची काळजी लेगिंग्जमुळे वाटते. मला ती त्या फोनमुळे वाटली. उद्यापासून फोन भिंतीकडे किंवा कोऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून, आरसा टाळून लावा, नाहीतर खोली रिकामी असेल तेव्हाच लावा. आणि जुन्या व्हिडिओंत कुणी दिसत असेल तर ते आजच्या आज काढून टाका, ट्रेनरनाही काढायला सांगा. एवढं एक कराच. बाकीचं सावकाश बोलू.

आता कपड्यांकडे येते, कारण तोही प्रश्न खरा आहे.

तुमच्या कपड्यांबद्दल आजवर तोंडाने कोण कोण बोललं ते मी तुमच्याच पत्रात शोधलं. काकू बोलल्या, नवरा बोलला, बहीण बोलली. तिघंही आपली माणसं. ‘त्या लोकांना चालत नाही’ असं काकूंनी सांगितलं, पण ‘त्या लोकांपैकी’ एकानेही तुम्हाला अजून काही म्हटलेलं नाही. मग हे ‘ते लोक’ म्हणजे नेमके कोण? अमिरातीत मूळचे स्थानिक नागरिक साधारण दहातला एक. उरलेले तुमच्याआमच्यासारखे बाहेरून आलेले, आणि त्यात सर्वात मोठा समाज भारतीयांचाच. सकाळी सातला तुमच्या जिममध्ये कैरोची शिक्षिका असेल, लाहोरचा अकाउंटंट असेल, कन्नूरची नर्स, मनिलाचा सेल्समन, बैरुतची कुणी. यातले निम्मे मुस्लिम असतील तरी त्यांचं ‘चालणं’ एक नाही. लेबनॉनची एखादी मुस्लिम बाई स्लीव्हलेस घालून पळेल, हैदराबादची एखादी सलवार-कमीजवर पायात बूट चढवून चालेल, आणि दोघी एकमेकींना सलाम करतील. सगळ्यांना एका गाठोड्यात बांधलं की आपण एकतर सगळ्यांना घाबरतो नाहीतर सगळ्यांवर चिडतो. तुमच्या घरात आत्ता नेमकं तेच चाललंय. नवरा घाबरलाय आणि बहीण चिडलीय.

तरीही बहिणीचं वाक्य मी जसंच्या तसं तुमच्या हातात देणार नाही. तुम्ही राहता ते शारजा आहे, दुबई नाही. अल नहदात रस्ता ओलांडला की दुबई लागते, म्हणून हा फरक विसरायला होतो. दुबईत मिश्र जिममध्ये तुमच्या लेगिंग्जकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. तिथे मॉलच्या दारावर खांदे आणि गुडघे झाकण्याची विनंती असते, तेवढंच. शारजाने मात्र २००१ मध्ये सार्वजनिक सभ्यतेचे नियम काढले. बायकांचं पोट-पाठ उघडी टाकणारे, गुडघ्याच्या वर जाणारे, अंगाला घट्ट चिकटणारे किंवा आरपार दिसणारे कपडे त्यात सार्वजनिक जागी अयोग्य मानले आहेत. पुरुषांच्या उघड्या छातीचाही उल्लेख त्यात आहे. बिल्डिंगची जिम म्हणजे बाजार नव्हे, व्यायामाचे कपडे व्यायामाच्या जागी असतातच. पण त्या शहराने आपला कल काय आहे हे लपवलेलं नाही. तुम्ही तिथे आठ महिन्यांच्या पाहुण्या आहात आणि रहिवासीही आहात. दोन्ही नाती सांभाळायची आहेत.

आणि हे आपल्याला परकं आहे का हो? तुम्ही सांगलीच्या. तालमीत पाऊल टाकताना चपला बाहेर निघतात, मारुतीला नमस्कार होतो, हौद्यातली माती कपाळाला लागते. भिंतीवर तसं कुठे लिहिलेलं नसतं. नवखा माणूस दारात क्षणभर उभा राहतो, आधीचे काय करतात ते बघतो आणि तसं करतो. त्यात त्याला आपण दबलो असं वाटत नाही. सासरी गावाला गेल्यावर, मामंजी ओसरीवर बसलेले असताना, तुम्ही नुसत्या लेगिंग्ज-टी-शर्टवर समोरून जाता का? कदाचित जात असाल, आणि ते घर तसं मोकळं असेल तर फार छान. पण बहुतेक जणी वरून काहीतरी घेतात आणि आपलं स्वत्व हरवलं असं काही त्यांना वाटत नाही. जागेचा मान आणि आपला अपमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाली की साधा लांब टी-शर्टसुद्धा डोईजड होतो.

तर माझं मत विचाराल तर लेगिंग्ज सोडू नका. वरचा टी-शर्ट मांडीच्या मध्यापर्यंत येईल असा, सैलसर, घामाने चिकटणार नाही अशा कापडाचा घ्या. लेगिंग्जचं कापड दाट असू दे. घरी भरपूर उजेडात आरशाकडे पाठ करून खाली बसून बघा, ताणलं गेल्यावर आतलं दिसतं का. पातळ कापडाचा हा दोष उभं राहून कधीच कळत नाही. घर ते गच्ची हा लिफ्टमधला प्रवास आहे ना, त्यासाठी एक लांब शर्ट किंवा चेनचं जॅकेट अंगावर असू दे आणि जिमच्या दारात काढून ठेवा. मला विचाराल तर खटकण्याचा प्रसंग जिमपेक्षा लिफ्टमध्ये जास्त येतो. तिथे मशिदीतून परतणारे आजोबा असतात, सकाळी शाळेला निघालेली मुलं असतात, आणि चार फुटांच्या जागेत नजर वळवायला जागा नसते.

काकूंचा पंजाबी ड्रेस मात्र नको. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ट्रेडमिलवर घेरदार सलवार आणि केबलच्या मशिनजवळ ओढणी हा अपघाताला आमंत्रण देणारा वेष आहे. हिजाब घालणाऱ्या बायकासुद्धा जिममध्ये सुटी टोकं ठेवत नाहीत. त्या खास खेळासाठी शिवलेला, डोक्याला घट्ट बसणारा हिजाब घालतात.

यावरून एक सांगते. ज्या बाईकडे तुम्ही परीक्षक म्हणून बघताय, तिच्यासारख्या बायकांनी जिममध्ये कपड्यांवरून किती ऐकून घेतलंय याची आपल्याकडे फारशी कल्पना नसते. वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोपर आणि गुडघा दिसलाच पाहिजे असा दंडक होता. कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन लिफ्टरने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०११ मध्ये जागतिक संघटनेने अंग झाकणारा एकसंध पोशाख आत घालायला परवानगी दिली. त्यानंतर अमिरातीची आमना अल हद्दाद हिजाबमध्ये वजनं उचलताना जगाने पाहिली. फुटबॉलमध्ये डोकं झाकायला मुभा मिळायला २०१४ उजाडलं, बास्केटबॉलला २०१७. म्हणजे नारिंगी बुटांच्या त्या बाईलाही कुणीतरी कधीतरी ‘एवढं गुंडाळून कशाला व्यायाम करतेस’ असं विचारलेलं असणार. कपड्यांवरून जोखलं जाण्याचा अनुभव तुम्हा दोघींना आहे. म्हणूनच ती तुमच्या लेगिंग्जवर रागावली असेल हे मला सहज पटत नाही.

नोटिशीतली पहिली ओळही तुमच्यासाठी आहे हे ‘उघड’ नाही. अशा नोटिशीत नियम एकत्रच छापलेले असतात. आणि सभ्य कपड्यांची अट पुरुषांनाही असते हे आपण सोयीने विसरतो. काखेपासून कमरेपर्यंत कापलेल्या बनियनवर वजनं उचलणारे, मधेच तो बनियनही काढून आरशात दंड बघणारे पुरुष मी तिथे पाहिले आहेत, आणि त्यावर तक्रारी झालेल्याही पाहिल्या आहेत. इस्लामी शिकवणीत पुरुषाच्याही देहाला मर्यादा आहे. बहुसंख्य परंपरा बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकायला सांगतात. म्हणून तर कित्येक मुस्लिम तरुण हाफ पँटच्या आत घट्ट लांब पँट घालून येतात. तुमचे यजमान कधी जिमला गेले तर त्यांची हाफ पँट गुडघ्यापर्यंत येते का, हेही बघायला सांगा.

आता त्या दोन तरुणांविषयी. याबाबत माझं मन अगदी स्पष्ट आहे. कुणाच्या बघण्याची जबाबदारी तुमच्या टी-शर्टावर टाकू नका. ज्या धर्माचं नाव घेऊन तुम्हाला घाबरवलं जातंय, त्याच्या ग्रंथातही क्रम असाच आहे. कुराणातल्या सूरह अन-नूरमध्ये तिसावी आयत पुरुषांना सांगते की नजर खाली ठेवा. बायकांसाठीची आयत त्यानंतरची, एकतिसावी. शिवाय ते दोघं कोण, कुठले, कुठल्या धर्माचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही, कारण तुम्हाला ते माहीत नाही. आरशातून बघणारे पुरुष पुण्यातही होते, फक्त तिथे ते ‘ते लोक’ नव्हते. पहिल्यांदा जागा बदलून बघा. आरशासमोर व्यायाम करणारा माणूस पुष्कळदा स्वतःलाच बघत असतो आणि मधे आपण येतो. जागा बदलल्यावरही नजर पाठलाग करत असेल, तर नातूरला आणि बिल्डिंगच्या ऑफिसला तारीख-वेळ घालून कळवा. कुणी बोललं, अडवलं, मागे आलं, तर शारजा पोलिसांचा तातडीचा नसलेल्या तक्रारींचा नंबर ९०१ आहे, तातडीचा ९९९. परक्या देशात बाईने तक्रार केली तर तिच्यावरच उलटेल, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. तिथल्या माझ्या वर्षांत बायकांच्या तक्रारीची दखल झटपट घेतलेली मी पाहिली आहे.

नवऱ्याच्या भीतीला मी हसणार नाही. सगळ्या कुटुंबाचा मुक्काम एका माणसाच्या नोकरीवर टांगलेला असतो, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रत्येक गोष्ट व्हिसापाशी जाऊन थांबते. तिथे राहणारं प्रत्येक घर हे ओझं ओळखतं. पण त्यांना शेजारी बसवून विचारा की नक्की कशाची भीती आहे, आणि फोनचं काय करायचं ठरवलंय ते सांगा. धोका होता तो तिथे होता, आणि तो तुम्ही काढून टाकलाय हे कळलं की त्यांचा आवाज खाली येईल असं वाटतं. योगासनं जरूर करा, पण ती जिमच्या बदल्यात नकोत. जिमच्या व्यायामाने पाठ सुधारली होती, हे तुम्हीच लिहिलंय. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या, घरून काम करणाऱ्या बाईला दिवसातून तासभर घराबाहेरची माणसं दिसणं हेही औषधच आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटलीय. बायकांची वेळ जमत नाही असं तुम्ही लिहिता. सकाळची जमणार नाही, कबूल. पण पुण्याचं घड्याळ शारजाच्या दीड तास पुढे आहे. पुण्यात साडेसहाला ऑफिस सुटत असेल तर तुमच्याकडे तेव्हा पाच वाजलेले असतात. पाच ते सहा हा तास तुमचा आहे. रोज नाही तर आठवड्यातून दोनदा घ्या.

तो तास तुम्ही एकदा बघाच असं मला मनापासून वाटतं. मी पहिल्यांदा अशा वेळेला गेले तेव्हा दारामागच्या खुंट्यांवर काळ्या अबायांची, म्हणजे अंगभर झग्यांची, रांग होती आणि आत ज्या बायका होत्या त्यांचे केस मोकळे, कपडे तुमच्या लेगिंग्जपेक्षाही आटोपशीर. माझी पाठ वाकतेय हे बघून साठीच्या एका स्थानिक आजींनी काही न बोलता माझ्या कमरेमागे काठी उभी धरली आणि मला बरोबर वाकायला शिकवलं. मशिन दुरुस्त करायला माणूस येणार म्हटल्यावर दाराशी असलेली एक जण ओरडली आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या पुन्हा काळ्या झाल्या. त्यांना व्यायामाच्या कपड्यांचं वावडं नव्हतं. कोण बघतंय, एवढाच प्रश्न होता. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुष्कळ शंका आपोआप गळून पडतात. अशा वेळा अपुऱ्या वाटणाऱ्यांसाठी शारजा लेडीज क्लब आहे, खास बायकांच्या जिमही गल्लोगल्ली आहेत. २०१२ पासून अरब देशांतल्या महिला खेळाडूंची स्पर्धाही शारजातच भरत आली आहे. बायकांनी व्यायाम करू नये असं त्या शहराचं म्हणणं नाही.

तुमच्यासारखंच पत्र दोहाहून आणि मस्कतहूनही आलं होतं, म्हणून चार गोष्टी भराभर सांगते. ओळख झाल्यावर पुरुषाने हात पुढे केला नाही तर राग मानू नका, छातीशी हात नेऊन मान लववली की झालं, आणि तुम्हीही हात पुढे करायची घाई करू नका. कुणाला चूक सुधारायला मदत करायची असेल तर स्पर्श करण्याआधी विचारा, बाईलाही. कोपऱ्यात कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून जा, आणि डंबेल आपटू नका. रमजानमध्ये सगळं वेळापत्रक फिरतं. कुणी इफ्तारच्या आधीच्या तासात येतं, कुणी रात्रीची तरावीहची नमाज आटोपून अकराला. दिवसा चारचौघांत पाणी पिऊ नका, कुणाला दिसणार नाही अशा जागी जाऊन चार घोट घ्या. पण तहान मारून चक्कर येईपर्यंत थांबूही नका, ते कुणालाच नको असतं. आणि ‘पाणीसुद्धा नाही?’ हा प्रश्न त्यांनी दिवसातून दहा वेळा ऐकलेला असतो.

राहिली ती बाई. तिच्याशी बोला. इंग्रजी तुम्हा दोघींनाही थोडंफार येत असेलच. ‘मी व्हिडिओ काढत होते, त्यात तुम्ही आला असाल तर माफ करा, मी ते काढून टाकलेत आणि आता फोन भिंतीकडे लावते’ एवढंच सांगा. कपड्यांचा विषय तुम्ही काढू नका. तिला काही म्हणायचं असेल तर तेव्हा ती म्हणेल, आणि म्हणालीच तर निदान तुम्हाला काकूंच्या तोंडून न कळता तिच्या तोंडून कळेल. सकाळी पुरुषांसमोर बोलायला तिला अवघड वाटेल. म्हणून संध्याकाळी पाचला जा. केस मोकळे असतील, हिजाब खुंटीला असेल, चेहऱ्यावरून कदाचित तुम्ही तिला ओळखणार नाही. पायांकडे बघा. नारिंगी बूट दिसले की तीच.